खाणीत उतरलेली जेनीबाई

सिमेंट म्हटलं की आपल्याला सबमिशन आठवतं. चुनखडी नि चिकणमाती घ्या, भट्टीत साधारण १४५० अंशांना भाजा, क्लिंकर दळा, जरा जिप्सम घाला, संपलं. पण चुनखडी काढून झाल्यावर खाणीचं काय होतं, हे व्हायवात मला कुणी विचारलं नाही.

मला तो प्रश्न पडायचं कारण घरचं आहे. आमच्या रानाला लागून खडीची खाण आहे. मी आठवीत असताना क्रशर बंद पडला आणि मालक कुंपणसुद्धा न घालता निघून गेला. त्या पावसाळ्यात आमची म्हैस आत पडली, वर काढेपर्यंत मेलेली. तेव्हापासून आई धाकटीला त्या बांधाकडे फिरकू देत नाही.

म्हणून जेनी बुचार्टचं चरित्र मी मेसची वेळ चुकवून वाचलं. जन्म १८६६, कॅनडातल्या टोरंटोचा. १८८४ साली रॉबर्ट बुचार्टशी लग्न झालं. रॉबर्ट पोर्टलंड सिमेंटमधला माणूस. पश्चिमेला व्हँकुव्हर बेटावर व्हिक्टोरिया शहराजवळ टॉड इनलेट नावाची खाडी आहे, तिथे चांगली चुनखडी मिळाली आणि १९०४ च्या सुमारास नवराबायकोंनी कारखान्याशेजारी संसार थाटला. जेनीबाई रसायनशास्त्र शिकलेल्या, बागकामाचा मात्र अनुभव नाही. खाडीच्या बाजूला इसाबुरो किशिदा या जपानी माळ्याच्या मदतीने त्यांनी पहिली बाग केली.

पाचएक वर्षांत घराजवळची चुनखडी संपली. राहिला पन्नासएक फुटांचा भकास खड्डा, तोही घरासमोर. इथे बहुतेकांनी पडदा लावला असता. या बाईंनी आसपासच्या शेतांतून घोडागाड्या भरभरून माती आणवली आणि खाणीच्या तळाशी पसरली. तळातले दगडगोटे गोळा करून उंचवटे रचले, त्यांच्यावर टप्प्याटप्प्याने झाडं लावली. सगळ्यात खोल भागाचं तळं केलं. उरल्या उघड्या कडा. तिथे माती टिकणार कशी? तर बाई दोराला बांधलेल्या पाळण्यासारख्या बैठकीत बसून कड्यावरून खाली लोंबकळल्या आणि फटीफटींत आयव्हीचे वेल खोचत गेल्या. आमच्या सर्व्हेच्या तासाला टेकडीवरून खाली बघतानासुद्धा माझे पाय लटपटतात!

१९२१ साली ही खोलगट बाग पुरी झाली. पुढे टेनिस कोर्टाच्या जागी इटालियन बाग आणि १९२९ मध्ये भाजीच्या वाफ्यांच्या जागी गुलाबांची बाग आली. घराचं नाव बेनव्हेनुतो, म्हणजे इटालियनमध्ये सुस्वागतम्. आलेल्या लोकांना त्या घरात चहा मिळायचा.

एक गोष्ट मात्र खटकते. या सगळ्याला पैसा सिमेंटचा होता. कारखान्यात चिनी आणि आपल्याकडून गेलेले शीख मजूर राबत. बागेच्या गोष्टीत ते फार कमी दिसतात.

१९३९ मध्ये दोघांनी बाग नातवाला, इयन रॉसला, त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी दिली. रॉबर्ट १९४३ मध्ये गेले, जेनीबाई १९५० मध्ये. नातवाने बाग जगवली. १९६४ मध्ये साठ वर्षांनिमित्त त्याने तिथे सत्तर फूट उडणारं कारंजं बसवलं. २००४ मध्ये कॅनडाने ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली. कारखाना गेला, पण त्याचं एक धुराडं झाडांच्या वर अजून उभं आहे. ते पाडलं नाही, हे मला आवडलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला मोबाईलवर बागेचे फोटो दाखवले. तिने फुलांकडे फारसं बघितलं नाही. एवढी माती कुठून आणली आणि गाडीभाडं कुणी दिलं, हेच विचारत होती. मग फोटो मोठा करून कठडा कुठे आहे ते शोधत बसली.