कागदी पिशवीमागची मार्गारेट

मैत्रिणींनो, चौकोनी बुडाची कागदी पिशवी ओट्यावर कशी आपली आपण उभी राहते, याचं कधी नवल वाटलंय? मलाही नव्हतं वाटलं. पण पेटंटचा अर्ज कसा लिहायचा हे शिकायची वेळ आली, आणि त्या निमित्तानं मार्गारेट नाईट माझ्या आयुष्यात आली.

झालं असं, की २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या बचत गटानं कागदी पिशव्या करायला घेतल्या. गटातल्या एका ताईंनी बुडाची घडी झटपट पडावी म्हणून लाकडी साचा बनवला. आम्ही तो कौतुकानं गावच्या प्रदर्शनात मांडला. चार महिन्यांत एका कारखानदारानं हुबेहूब तसाच साचा विकायला काढला! ताई भांडल्या नाहीत, पण पुढचे आठ दिवस गटाकडे फिरकल्या नाहीत. मग मी जिल्ह्याच्या गावी एका प्रशिक्षणाला जाऊन बसले. मी आर्ट्सची, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. डोक्यात राहिली ती मार्गारेट.

१८३८ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, यॉर्क गावी तिचा जन्म. घरची तिला मॅटी म्हणत. बाहुल्यांपेक्षा तिला चाकू, गिरमिट आणि लाकडाचे तुकडे प्यारे. भावांसाठी पतंग आणि बर्फावरच्या घसरगाड्या तीच करून द्यायची. वडील लवकर गेले. पोटासाठी कुटुंब मँचेस्टर या गिरणगावात आलं (इंग्लंडातलं नव्हे, न्यू हॅम्पशायरमधलं) आणि मुलं गिरणीत लागली. बारा वर्षांची असताना मागावरचा धोटा उसळून एकाला जखम झालेली तिनं पाहिली. धोटा बाहेर उडू नये म्हणून तिनं युक्ती काढली, ती गिरण्यांनी वापरली म्हणतात. पण नेमकी काय होती ती? आज कुणीच सांगू शकत नाही. पेटंट घेतलं नव्हतं, म्हणून कागदावर नोंदच नाही.

१८६७ च्या सुमारास ती स्प्रिंगफिल्डला पिशव्यांच्या कारखान्यात कामाला लागली. यंत्रावर तेव्हा पाकिटासारख्या चपट्या पिशव्या निघत, सपाट बुडाच्या हातानं कराव्या लागत. कागद कापणारं, घडी घालणारं आणि बूड चिकटवणारं यंत्र मार्गारेटनं आधी लाकडात उभं केलं. मग लोखंडी नमुना करून घ्यायला ती बोस्टनला गेली. तिथल्या कारखान्यात चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसानं तो पाहिला. मार्गारेट अर्ज घेऊन गेली, तर अ‍ॅननच्या नावावर पेटंट होऊनही गेलेलं!

आपली ताई आठवली ना? मला तर तिथंच आठवली.

मार्गारेट लढली. बाईला यंत्रातलं काय कळणार, असा अ‍ॅननचा बचाव होता असं सांगतात. तिनं तोंडानं वाद घातला नाही. तारखेनिशी लिहिलेली वही, आकृत्या, लाकडी नमुना आणि तिचं काम पाहिलेले साक्षीदार तिनं पुढे केले. निकाल तिच्या बाजूनं लागला आणि ११ जुलै १८७१ रोजी ११६८४२ क्रमांकाचं पेटंट तिला मिळालं.

ते पेटंट मी मुद्दाम समजावून घेतलं. आधी आकृत्या, त्यातल्या प्रत्येक भागाला अक्षर. मग कुठला भाग काय करतो, ते पायरीपायरीनं, पाककृती लिहावी तसं. आणि शेवटी दावे, म्हणजे यातलं नेमकं माझं काय, ते. खरी मेख याच ओळींत असते. पिशवीचं यंत्र तिच्याआधीही होतं, म्हणून तिनं हक्क मागितला तो सुधारणेचा.

पुढे तिनं हार्टफर्डला ईस्टर्न पेपर बॅग कंपनी उभारण्यात भाग घेतला. बुटांचे तळवे कापायची यंत्रं, इंजिनाचे भाग अशी वीसहून जास्त पेटंटं घेतली. लग्न केलं नाही. १९१४ साली ती गेली तेव्हा मागे पावणेतीनशे डॉलर काय ते उरले होते. इतकं करून एवढंच, हे मला अजून खटकतं.

आणि एक सांगू? मार्गारेटला वाचवणारी वही आज आपल्याला तशी वाचवणार नाही. तिच्या काळी तिथं ज्यानं आधी शोधलं त्याचा हक्क मानत. २०१३ पासून अमेरिकेतही तो नियम गेला. आपल्याकडे तर अर्जाचीच तारीख बघतात. वहीचा उपयोग चोरी सिद्ध करायला होईल, तेवढाच. शिवाय अर्जाआधी वस्तू चारचौघांत मांडली, की तिचं नवेपण संपलं. सरकारनं खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सूट आहे, गावच्या प्रदर्शनाला नाही. म्हणजे ताईंचा पहिला साचा आम्हीच, हौसेनं, घालवला. हे त्यांना सांगताना माझी जीभ जड झाली.

त्यांनी ऐकून घेतलं, आणि पिशवीतून एक कागद काढला. आठ दिवस घरी बसून त्यांनी त्याच साच्यात एक सुधारणा केली होती! आता तिचा तात्पुरता अर्ज आम्ही लिहितोय. त्यात दावे लिहायची सक्ती नाही, तारीख मात्र पदरात पडते. पूर्ण अर्ज मग बारा महिन्यांच्या आत द्यायचा. आकृत्या ताई काढतात, वर्णन मी लिहिते, आणि एकेका घडीसाठी शब्द शोधताना दोघींची दुपार जाते.

सुधारणा काय आहे, ते मात्र अर्ज जाईपर्यंत तुम्हालाही सांगणार नाही हं!