फाळक्यांचा डेमो हिट झाला, पुढे काय?

उमरोळीहून चर्चगेट लोकल पकडलीत की दोनेक तासांनी दादर येतं. १९१२ मध्ये याच दादरमधल्या एका बंगल्यात एक छोटा स्टुडिओ सुरू झाला होता. मालक आणि दिग्दर्शक एकच माणूस, दादासाहेब फाळके. बोईसर-पालघरला चौघं मित्र मिळून गेम बनवत असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. मध्ये कला शिकले. फोटोग्राफी केली, छपाईच्या धंद्यात पडले. तिथे भागीदाराशी पटलं नाही, बाहेर पडले. मग येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच खूळ शिरलं. विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले.

पण पैसे कोण देणार? दादासाहेबांनी काय केलं माहितीये? कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप बघता बघता मोठं झालं. आज तुम्ही पब्लिशरला डेमो दाखवता ना, अगदी तसंच! पैसे उभे राहिले. पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मच्या कामातही राबल्या. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला आणि चालला.

१९१७ चा ‘लंकादहन’ तर तुफान चालला. आता भांडवलदार स्वतःहून आले. १९१८ मध्ये पाच भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची छोटी लेक मंदाकिनी कृष्ण झाली. बाहेरून सगळं झकास.

आत मात्र खटके उडत होते. भागीदारांना खर्चाचा हिशेब आणि शिस्त हवी होती, दादासाहेबांना मोकळा हात. खरं सांगायचं तर दोघांचंही चूक नव्हतं. ज्याचा पैसा अडकलाय तो विचारणारच. शेवटी दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. काही वर्षांनी त्याच कंपनीत परतले, पण पहिली घडी काही बसली नाही. पुढे बोलपट आले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

छपाईत आणि सिनेमात, दोन्हीकडे त्यांचं भागीदारांशीच बिनसलं. म्हणून पैसे घेऊच नका असं नाही. पैशाशिवाय ‘हरिश्चंद्र’ही झाला नसता. पण तुमच्या गेममध्ये कुणी पैसे टाकायला आलं, तर आधी तीन गोष्टी कागदावर आणा : रिलीजची तारीख कोण ठरवणार, एखादी लेव्हल कापायचा हक्क कुणाचा आणि एखादा सोडून गेला तर गेम कुणाचा. मैत्री घट्ट असतानाच हे बोलून घ्या. भांडण झाल्यावर कुणी ऐकत नाही.