उशिरा पोहोचलेला सेनापती

सबमिशनला अर्धा दिवस उशीर झाला तर फार तर काय होतं? सर सही देत नाहीत. थ्युसिडिडीसला अर्धा दिवस उशीर झाला आणि त्याला वीस वर्षं आपलं गाव सोडून राहावं लागलं!

इ.स. पूर्व 460 च्या सुमारास जन्मलेला हा अथेन्सचा माणूस. घरचा चांगला खातापिता, थ्रेसमधल्या सोन्याच्या खाणी चालवायचा हक्कच त्याच्याकडे होता. इ.स. पूर्व 431 मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध पेटलं. हे प्रकरण मोठं होणार हे ओळखून त्याने सुरुवातीपासूनच लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी अथेन्समध्ये भयंकर साथ आली. त्यालाही झाली, तो वाचला, आणि लक्षणं डोक्यापासून खाली कशी उतरत जातात ते त्याने क्रमाने नोंदवलं. अगदी लॅब जर्नल!

इ.स. पूर्व 424 मध्ये तो सेनापती झाला. थेसॉस बेटावर असताना निरोप आला, स्पार्टाचा ब्रासिडास अँफिपोलिसच्या वेशीवर आलाय. सात जहाजं घेऊन हा लगोलग निघाला. पण ब्रासिडासने सोप्या अटी देऊन शहर आधीच खिशात घातलं होतं. संध्याकाळी पोहोचून याने जवळचं इऑन बंदर तेवढं वाचवलं. पुढे हद्दपारी.

त्या काळात त्याला शत्रूचीही बाजू ऐकायला मिळाली. अथेन्सची वाढती ताकद आणि त्यामुळे स्पार्टाला वाटणारी भीती, हे त्याच्या मते युद्धाचं खरं कारण. हार्वर्डच्या ग्रॅहॅम ॲलिसन यांनी यावरूनच ‘थ्युसिडिडीसचा सापळा’ हे नाव रूढ केलं. अमेरिका-चीनचा विषय निघाला की ते येतंच.

पण लोक त्या एका वाक्यावरच थांबतात असं मला वाटतं. युद्धाची ठिणगी पडली ती एपिडॅम्नस या शहरातल्या भांडणातून. त्यात कॉर्सायरा आणि कॉरिंथ ओढले गेले. इ.स. पूर्व 433 मध्ये कॉर्सायराने अथेन्सकडे मदत मागितली. अथेन्सची सभा दोनदा भरली. पहिल्यांदा कल कॉरिंथकडे होता, दुसऱ्यांदा मत फिरलं. म्हणजे ‘नाही’ म्हणणं शक्य होतं! हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

इ.स. पूर्व 404 मध्ये अथेन्स हरलं, ते त्याने पाहिलं. पुस्तक मात्र 411 च्या घटनांपाशीच, मध्येच तुटतं.