दासोपंत : नारायणपेठ ते अंबाजोगाई

नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातील दासोपंत (१५५१–१६१५) बालपणी थकलेल्या साऱ्यापायी बीदरच्या दरबारी ओलीस राहिले. त्यांची सुटका दत्तकृपेने झाली, असे चरित्रपरंपरा सांगते. हा चमत्कार बाजूस ठेवला तरी त्या ओलीसपणाची खूण त्यांच्या पुढील आयुष्यावर दिसते. तरुणपणीच पत्नी आणि वतन मागे ठेवून त्यांनी एकट्याने माहूरची वाट धरली. तेथील दीर्घ तपानंतर ते गोदातीरीच्या राक्षसभुवनास आले व अखेर अंबाजोगाईस स्थिरावले. वतनाचा वारस म्हणून वाढलेल्या या माणसाचे ग्रंथकर्तृत्व याच वाटचालीनंतरचे आहे. ‘गीतार्णवा’चा विस्तार तर प्रचंडच, पंचीकरण मात्र त्यांनी लांबलचक पासोडीवर उतरविले. या पासोडीच्या नवलापुढे ती एकाकी वर्षे काहीशी उपेक्षितच राहिली. दुरावलेले कुटुंबीय पुढे त्यांना येऊन मिळाले. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे.