रेड डॉटचा बाप दुर्बीणवाला

बीजीएमआय खेळताना बंदुकीवर रेड डॉट चढवता ना? त्याचं मूळ सर हॉवर्ड ग्रबकडे जातं. १८४४ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा पठ्ठ्या बंदूकवाला नव्हताच. वडिलांसारखाच दुर्बिणी बनवायचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या (आजचं सीओईपी) तख्तसिंगजी वेधशाळेची २० इंची दुर्बीणही त्याच्याच कारखान्यातली.

शूटिंग रेंजवर उभे राहा, अडचण लगेच कळेल. मागची खाच, पुढचं टोक आणि लांबचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. एकावर नजर लावली की बाकीचं धूसर.

ग्रबनं १९०० साली तोडगा काढला, तोही आकाश बघणाऱ्यालाच सुचेल असा. बोरिवली लोकलमधून चंद्र आपल्यासोबत पळताना दिसतो ना? इतक्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, म्हणून. मग भिंगानं खुणेचे किरणही समांतर करायचे आणि तिरक्या काचेवरून डोळ्यात पाठवायचे! खूण लक्ष्यावरच तरंगते. डोळा थोडा सरकला तरी नेम सुटत नाही.

पण तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ही युक्ती काही जर्मन विमानांवर बसली. सगळीकडे पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धात. ग्रब तर १९३१मध्येच गेला होता.