दुसऱ्यांच्या कथा जपणारा 'एलरी क्वीन'

रहस्यकथांच्या जगात 'एलरी क्वीन' हे नाव मोठं. पण या नावाचा माणूस कधी नव्हताच. नावामागे होते दोघे मावसभाऊ, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली. त्यातल्या डॅने यांनी आयुष्याची चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या कथा गोळा करण्यात घालवली.

२० ऑक्टोबर १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डॅनियल नेथन. बालपण एल्मायरा या लहान गावात गेलं. पुढे जाहिरातीच्या धंद्यात नोकरी करता करता त्यांनी लींसोबत कादंबरी लिहून एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. साडेसात हजार डॉलरचं बक्षीस लागलंही. पण मासिकाची मालकी बदलली आणि पैसे गेले दुसऱ्याच्याच खिशात. तरी १९२९ मध्ये ते पुस्तक छापून आलं आणि नाव झालं. सुरुवातीला तर लोकांसमोर येताना तोंडावर मुखवटा असायचा!

१९४० मध्ये मोटार अपघातात डॅने मरता मरता वाचले. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. त्यांनी मात्र पुढच्याच वर्षी दोन मोठी कामं तडीस नेली. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधल्या पहिल्या गुप्तहेरकथेला शंभर वर्षं झाली म्हणून त्या शतकातल्या निवडक कथांचा जाडजूड संग्रह काढला. शिवाय एलरी क्वीन यांच्या नावानं रहस्यकथांचं मासिक सुरू केलं. किंमत २५ सेंट.

त्या काळी अशा कथा स्वस्तातल्या मासिकांत यायच्या आणि महिन्याभरात रद्दीत जायच्या. डॅशिएल हॅमेट यांच्याही कितीतरी कथा तशाच पडून होत्या. डॅने यांनी त्या हुडकून पुस्तकरूपात आणल्या. मासिकात नवख्यांनाही जागा मिळाली. स्टॅन्ली एलिन यांची पहिली कथा १९४८ मध्ये इथंच आली. त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या बोर्हेस यांची कथा इंग्रजीत छापली, तीही इथंच.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. शेरलॉक होम्सच्या विडंबनकथांचा १९४४ चा संग्रह कॉनन डॉयल यांच्या वारसांच्या दबावामुळं बाजारातून मागं घ्यावा लागला. घरातलं दुःख तर फारच मोठं होतं. १९४८ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाच्या मेंदूला इजा होती. तो जेमतेम सहा वर्षं जगला. त्या काळातही मासिकाचं काम थांबलं नाही. याच दिवसांत, १९५३ मध्ये, त्यांनी आपल्या लहानपणावर एक कादंबरी लिहिली. तिच्यावर मात्र जन्माचं नाव घातलं, डॅनियल नेथन.

१९७१ मध्ये ली गेले. ३ सप्टेंबर १९८२ रोजी डॅनेही गेले. शेवटपर्यंत संपादक तेच होते. मासिक त्यांच्यामागंही चालू राहिलं, नव्या लेखकांच्या पहिल्या कथा छापत राहिलं.