तारीख विसरलेला छायाचित्रकार : ॲन्सेल ॲडम्स

एखादे छायाचित्र जगभर गाजावे, ते टिपताना कॅमेऱ्याचे भिंग किती उघडले होते आणि किती वेळ, हे टिपणाऱ्याला चाळीस वर्षांनंतरही नेमके सांगता यावे, पण ते कोणत्या साली टिपले एवढे मात्र सांगता येऊ नये, ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. परंतु अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांच्या बाबतीत ती अक्षरशः घडली. आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो साठले आहेत आणि हवा तो वेळेवर सापडत नाही, अशी प्रत्येकाची तक्रार आहे. म्हणूनच या माणसाचे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे.

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तो चार वर्षांचा असताना, १९०६ साली, त्या शहराला प्रचंड भूकंपाचा तडाखा बसला. मोठ्या धक्क्यानंतरच्या एका हादऱ्याने तो बागेतल्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले. ते जन्मभर वाकडेच राहिले. पुढच्याच वर्षी घराच्या आर्थिक स्थितीलाही उतरती कळा लागली. मुलगा बुद्धिमान, पण विलक्षण चंचल. शाळेत त्याचे मन रमेना. अखेर तो बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि घरीच शिकवण्याची व्यवस्था केली. त्याच सुमारास तो आपला आपण पियानो वाजवू लागला. रोजच्या रियाझाने या चंचल मुलाला शिस्त लावली. पुढे आयुष्यभर ती त्याच्या उपयोगी पडली.

१९१६ साली हे कुटुंब योसेमिटीच्या दरीत सहलीला गेले. तेथे वडिलांनी चौदा वर्षांच्या ॲन्सेलच्या हातात कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला. ग्रॅनाइटचे उभे कडे आणि धबधबे पाहून त्याला वेड लागायचेच बाकी राहिले. त्यानंतर योसेमिटीची वारी त्याने कधी चुकवली नाही. १९१९ साली निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या सिएरा क्लबचा तो सभासद झाला. १९२८ साली योसेमिटीतील एका स्टुडिओच्या मालकाची मुलगी व्हर्जिनिया बेस्ट हिच्याशी त्याचे लग्न झाले.

तरीही पियानोवादक व्हावे की छायाचित्रकार, हा प्रश्न सुटला नव्हता. १९२७ च्या एप्रिलमध्ये ॲडम्स काचेच्या मोजक्या प्लेटा पाठीवर घेऊन 'हाफ डोम' या प्रचंड खडकासमोर चढून गेले. शेवटच्या दोन प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून टिपली. मग त्यांच्या ध्यानात आले, की मनातले आकाश याहून कितीतरी काळे आहे. तेव्हा शेवटच्या प्लेटेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. चित्र आधी मनात पाहायचे आणि मग त्याबरहुकूम कॅमेरा लावायचा, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला. १९३० साली पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराचे काम पाहिल्यावर त्यांचा निर्णय पक्का झाला. पियानो मागे पडला.

१९३२ साली एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मित्रांसह त्यांनी एक गट स्थापन केला. त्याचे नाव होते 'ग्रुप एफ/६४'. हे नाव म्हणजे कॅमेऱ्याचे एक माप होय. भिंगातून प्रकाश आत येतो त्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, आणि छिद्र लहान असले की जवळचा दगड व दूरचा डोंगर दोन्ही सारखेच रेखीव उमटतात. त्या काळी चित्रासारखे धूसर फोटो काढण्याची रूढी होती. तिच्याविरुद्धचे हे बंड त्यांनी एका आकड्याने जाहीर केले.

१९४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे शिकवत असताना ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह 'झोन सिस्टीम' ही पद्धत बसवली. काळ्याकुट्टापासून पांढऱ्याशुभ्रापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या कल्पून, दृश्यातला कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवायचा हे आधीच ठरवून प्रकाश मोजायचा, असे तिचे स्वरूप आहे. स्वरांच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसालाच ही युक्ती सुचावी, यात नवल नाही.

या विद्येची कसोटी १९४१ साली लागली. सरकारसाठी राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढण्याच्या कामावर ते न्यू मेक्सिकोतून मोटारीने जात होते. हर्नांडेझ गावाजवळ त्यांना दिसले, की चंद्र वर आला आहे आणि मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडले आहे. घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना! चंद्राची उजळता दर चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होते. त्यावरून मनातल्या मनात गणित करून त्यांनी छिद्र एफ/३२ व वेळ एक सेकंद ठरवली आणि फोटो घेतला. दुसरा घेण्यासाठी फिल्मचा होल्डर उलटवतात तोच क्रुसांवरचे ऊन गेले. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे ते जगप्रसिद्ध छायाचित्र.

हे आकडे त्यांच्या कायम लक्षात राहिले, पण तारखेची नोंद नव्हती. त्या चित्राला त्यांनी वेगवेगळ्या वेळी १९४० पासून १९४४ पर्यंत निरनिराळी साले दिली. शेवटी इतिहासकार ब्यूमाँट न्यूहॉल यांच्या विनंतीवरून डेव्हिड एल्मोर या खगोलाभ्यासकाने चंद्राच्या स्थानावरून ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस काढला. ॲडम्स यांनी तो मान्य केला. २२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९९१ साली डेनिस डी सिको यांनी कॅमेऱ्याची जागा अधिक काटेकोरपणे ठरवून पुन्हा गणित केले, तेव्हा तो दिवस १ नोव्हेंबर १९४१ ठरला. चंद्र चौकटीत होता म्हणून हे शक्य झाले. नुसत्या एफ/३२ वरून ते कधीच कळले नसते.

ॲडम्स यांना संग्रहाचे मोल कळत नव्हते असे मात्र नव्हे. १९३७ साली त्यांच्या डार्करूमला आग लागून हजारो निगेटिव्ह नष्ट झाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना मांझानार येथे डांबून ठेवले, तेव्हा १९४३ साली तेथे जाऊन त्यांनी या माणसांचे फोटो काढले आणि पुढे ते लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. आज ते कुणालाही घरबसल्या पाहता येतात. १९७५ साली ॲरिझोना विद्यापीठात त्यांच्या पुढाकाराने छायाचित्रांचे केंद्र उभे राहिले व त्यांचा संग्रह तेथे गेला. १९८३ सालच्या एका पुस्तकात त्यांनी आपली चाळीस छायाचित्रे कशी घेतली हे सविस्तर सांगितले. इलेक्ट्रॉनिक छायाचित्रणाचे युग येणार, हेही त्यांनी ओळखले होते.

ते युग आले. १९९५ साली जपानमध्ये 'एक्झिफ' नावाची पद्धत ठरली, आणि तेव्हापासून डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात छिद्र, वेळ, फिल्मऐवजी आलेली संवेदनक्षमता आणि तारीख आपोआप लिहून ठेवतो. संगणकाला सांगावे, की एक सेकंदाहून जास्त वेळ घेतलेले फोटो दाखव; रात्रीची रोषणाई आणि धबधबे समोर येतात. जास्त संवेदनक्षमतेचे मागावे, तर स्नेहसंमेलनाच्या रात्रीचे नाट्यप्रयोग निघतात. ॲडम्स यांना जे पाठ करावे लागे ते यंत्र आता न विसरता करते. पण यंत्राच्याही मर्यादा आहेत. मेसेजमधून आलेल्या फोटोतली ही नोंद बहुधा गळून पडलेली असते, आणि जुना फोटो स्कॅन केला तर त्यावर स्कॅन केल्याची तारीख बसते.

आमच्या घरी आजीच्या पेटीत एक फोटो आहे. विहिरीच्या काठावर पाच बायका उभ्या आहेत, त्यातली एक आजी. उरलेल्या चार कोण, हे आजी होती तोवर विचारावे असे कुणाला सुचले नाही. मागची बाजू कोरी आहे. भिंग किती उघडे होते हे कळले तरी त्या चार नावांचा पत्ता लागणार नाही, आणि त्या फोटोत चंद्रही नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी मोबाइलमधले आमच्या वर्गाचे फोटो उघडले. छिद्र, वेळ, तारीख सारे तेथे होते. त्याखाली मी नावे लिहायला बसलो, तर पहिल्याच फोटोत दोन नावे मला आठवली नाहीत.